सज्जता कोणाची मोजायची?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आर्थिक व सामाजिक व्यवहार विभागातर्फे दर दोन वर्षांनी जगातील सर्व सदस्य राष्ट्रांची एक गुणानुक्रम यादी प्रसिद्ध होते. नागरिकांना लागणाऱ्या सेवा ऑनलाइन पद्धतीने पुरविण्यात कोणते सरकार किती पुढे आहे, हे त्या यादीवरून समजावे अशी अपेक्षा असते. 2024 च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या अहवालात 193 राष्ट्रांपैकी डेन्मार्क पहिला, एस्टोनिया दुसरा आणि सिंगापूर तिसरा आला. भारत 97 वा आला. 2022 मध्ये तो 105 वा होता, त्याआधी 2020 मध्ये 100 वा. आठ पायऱ्या वर सरकलो याचे कौतुक सरकारपक्षीयांनी करावे आणि अजून शंभराच्या आसपासच घुटमळतो आहोत याची खंत विरोधकांनी करावी, अशी ही दोघांचीही सोय आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी मात्र या दोन्ही सुरांत सूर मिसळण्यापूर्वी ही यादी नेमके काय मोजते हे पाहिले पाहिजे.

प्रारंभीच्या अहवालांत, म्हणजे 2003 पासून 2008 पर्यंत, या मापाचे नाव ‘इ-शासन सज्जता निर्देशांक’ असे होते. 2010 पासून ‘सज्जता’ हा शब्द जाऊन ‘विकास’ हा शब्द आला. नाव बदलले तरी पिंड तोच राहिला. तीन घटकांची सरासरी काढून हा निर्देशांक सिद्ध होतो, आणि तिन्ही घटकांना सारखेच वजन असते. पहिला घटक सरकारी संकेतस्थळांवर कोणकोणत्या सेवा उपलब्ध आहेत हा, दुसरा इंटरनेट व मोबाइल यांच्या प्रसाराचा, आणि तिसरा साक्षरता व शालेय शिक्षण यांचा. पहिल्या घटकासाठी पाहणी करणारे लोक प्रत्येक देशाचे संकेतस्थळ उघडतात आणि हातातल्या प्रश्नावलीप्रमाणे नोंद करतात: जन्माचा दाखला ऑनलाइन मागता येतो काय, कर भरता येतो काय, तक्रार नोंदविता येते काय. सेवा दिसली की नोंद झाली.

या रीतीत अप्रामाणिक असे काही नाही, आणि जगभराची तुलना करायची तर काहीतरी ठोकळ माप घ्यावेच लागते, हे अर्थशास्त्राच्या अध्यापनात उभा जन्म काढलेल्या माझ्यासारख्याला मान्य केलेच पाहिजे. परंतु दुकानात किती जिन्नस मांडले आहेत यावरून गिऱ्हाइकाच्या पदरात काय पडले हे कळत नाही. किती अर्ज आले, किती परत गेले, अर्ज करूच न शकलेले किती, आणि नाकारलेल्या माणसाने दाद कोणाकडे मागायची, हे प्रश्न या निर्देशांकाच्या हिशेबात येत नाहीत. येथे आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. 2024 च्या यादीत सौदी अरेबिया सहावा आहे. तेथे राष्ट्रीय पातळीवर निवडून आलेली संसद नाही. प्रजाजन सरकारला प्रश्न विचारू शकत नसले तरी सरकार त्यांच्या सेवेला उत्तम ‘सज्ज’ असू शकते, असा याचा अर्थ होतो. तो निर्देशांकाच्या दृष्टीने बरोबरच आहे.

या सज्जतेचे पुढे काय होऊ शकते याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण ऑस्ट्रेलियाने घालून दिले आहे. 2014 च्या आणि 2016 च्या अशा दोन्ही याद्यांत ऑस्ट्रेलिया जगात दुसरा होता. नेमक्या याच काळात, 2015 मध्ये आरंभ करून 2016 मध्ये पूर्णपणे यांत्रिक स्वरूपात, तेथील सरकारने बेकारी भत्ता व तत्सम साहाय्य घेणाऱ्यांकडून ‘जादा दिलेली’ रक्कम वसूल करण्याची योजना राबविली. लोकांनी पुढे तिला ‘रोबोडेट’ असे नाव दिले. तिची कार्यपद्धती शाळकरी मुलालाही समजेल इतकी साधी होती. भत्ता पंधरवड्याच्या उत्पन्नावर ठरे. प्राप्तिकर खात्याकडे मात्र वर्षाचे एकूण उत्पन्न असे. यंत्राने वर्षाच्या उत्पन्नाला 26 ने भागले आणि प्रत्येक पंधरवड्यात माणसाने सारखेच कमावले असे गृहीत धरले. हंगामी मजूर, काही महिने काम मिळालेला आणि काही महिने बेकार असलेला तरुण, सुट्टीत दुकानात उभी राहणारी विद्यार्थिनी, अशा सर्वांच्या नावे न घेतलेल्या पैशाचे कर्ज निघाले. ज्या काळात ते बेकार होते त्याच काळात ते कमावते होते, असा त्या भागाकाराचा निष्कर्ष होता.

पूर्वी अशी विसंगती आढळली की एखादा कर्मचारी कागद तपासत असे, मालकाकडे चौकशी करीत असे. त्या पद्धतीने वर्षाला सुमारे वीस हजार प्रकरणे हाताळली जात. यंत्राने आठवड्याला वीस हजार नोटिसा काढल्या. चौकशी करण्याचे जे काम सरकारचे होते ते नागरिकाच्या डोक्यावर टाकण्यात आले. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोध, त्या संकेतस्थळावर चढव, आणि आपण ऋणको नाही हे तूच सिद्ध कर. सुरुवातीच्या नोटिसांत या प्रकरणांसाठी असलेला खास दूरध्वनी क्रमांकसुद्धा दिलेला नव्हता. नोव्हेंबर 2019 मध्ये तेथील संघीय न्यायालयापुढे सरकारला ही पद्धत बेकायदा असल्याचे कबूल करावे लागले. चार लाखांहून अधिक लोकांच्या नावे असे कर्ज दाखविले गेले होते. जुलै 2023 मध्ये रॉयल कमिशनचा अहवाल आला. त्याने मंत्री आणि वरिष्ठ अधिकारी यांच्यावर जे ताशेरे ओढले त्यांतून एवढे स्पष्ट झाले की, योजनेच्या कायदेशीरपणाविषयीच्या शंका खात्यात आरंभीच व्यक्त झाल्या होत्या. यंत्राने चूक केली असे म्हणण्यास तेथे फारशी जागा नव्हती. नोटिसा हाती पडल्यावर काही तरुणांनी आत्महत्या केल्या. त्यांच्या मातांनी आयोगापुढे साक्षी दिल्या.

नेदरलँड्सची कथा याच वळणाची आहे. 2014 च्या यादीत हा देश पाचवा होता. बालसंगोपनासाठी मिळणाऱ्या अनुदानात लबाडी शोधण्यासाठी तेथील कर खात्याने जी संगणकीय गाळणी वापरली तिच्यात अर्जदाराचे परदेशी नागरिकत्व हे संशयाचे एक गमक होते. वीस हजारांहून अधिक पालकांना, बऱ्याच वेळा अर्जातल्या क्षुल्लक त्रुटीवरून, लबाड ठरविण्यात आले आणि घेतलेले सर्व अनुदान परत करण्यास सांगण्यात आले. संसदीय चौकशी समितीने डिसेंबर 2020 मध्ये दिलेल्या अहवालाला ‘अभूतपूर्व अन्याय’ असेच शीर्षक दिले, आणि जानेवारी 2021 मध्ये तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. राजीनामा दिला, ही त्या लोकशाहीची जमेची बाजू मानली पाहिजे. आपल्याकडे एखाद्या मंत्र्याने संगणकाच्या चुकीसाठी राजीनामा दिल्याचे मला तरी आठवत नाही.

मग डेन्मार्क आणि एस्टोनिया यांचे काय? त्यांचा पहिला-दुसरा क्रमांक पोकळ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. डेन्मार्कमध्ये प्रत्येक रहिवाशाची मध्यवर्ती नोंद 1968 पासून आहे. तीही कल्याणकारी राज्याची गरज म्हणून सुरू झाली. दवाखाना, शाळा, निवृत्तिवेतन हे हक्क तेथे आधी प्रस्थापित झाले, आणि संगणक त्यांच्यावर नंतर चढविण्यात आला. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी पत्रव्यवहार ऑनलाइन घेणे तेथे सक्तीचे झाले. परंतु ज्यांना ते झेपत नाही त्यांना सूट मागण्याचा अधिकार कायद्यानेच दिला आणि काही लाख नागरिकांनी ती घेतली. नगरपालिकेच्या कचेरीत मदतीला माणूस बसलेला असतो. तरीही तेथील वृद्धांच्या तक्रारी संपलेल्या नाहीत, आणि 2025 च्या डिसेंबरअखेर तर राज्याच्या मालकीच्या टपालसेवेने घरोघर पत्रे वाटणे बंद केले. 1624 मध्ये सुरू झालेली ही सेवा! आता पत्रे वाटण्याचे काम खाजगी कंपनीकडे आहे. सर्वांत सज्ज सरकारच्या राज्यात कागदावर विसंबून असलेला म्हातारा माणूस यापुढे कसा राहतो, हे समाजवाद्यांनी लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे.

एस्टोनियाकडून घेण्यासारखा धडा वेगळा आहे. सोव्हिएत संघातून बाहेर पडलेल्या, जेमतेम तेरा लाख वस्तीच्या या देशाने 2001 मध्ये सर्व खात्यांच्या नोंदी एकमेकांशी बोलू शकतील अशी व्यवस्था उभारली आणि एक नियम घातला: जी माहिती सरकारच्या एका खात्याकडे आहे ती दुसऱ्या खात्याने नागरिकाकडे पुन्हा मागायची नाही. आपली माहिती कोणत्या अधिकाऱ्याने केव्हा पाहिली, हेही नागरिकाला पाहता येते. 2017 मध्ये तेथील सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांत सुरक्षिततेचा दोष आढळला, तेव्हा सरकारने तो लपविला नाही. सप्टेंबरात जाहीर केले आणि नोव्हेंबरात त्या पत्रांची प्रमाणपत्रे स्थगित केली. 2019 पासून मूल जन्मले की मिळणाऱ्या भत्त्याचा प्रस्ताव सरकारच पालकांकडे पाठविते. पालकांनी तो फक्त मान्य करायचा. ऑस्ट्रियाने तर 2015 पासूनच नवजात बालकाचा कुटुंबभत्ता अर्जाशिवाय देण्यास सुरुवात केली आहे. जन्माची नोंद सरकारकडे आहे, आई-बापाची नोंद सरकारकडे आहे, तर मग अर्ज कशाला?

हा ‘अर्ज कशाला’ हा प्रश्न मला या सर्व चर्चेचे मर्म वाटतो. तो घेऊन आपण आपल्या देशाकडे वळू.

भारताच्या 97 व्या क्रमांकाचे पृथक्करण केले तर असे दिसते की, संकेतस्थळांवरील सेवांच्या घटकात आपले गुण चांगले आहेत. आपल्याला मागे खेचतात ते दळणवळणाची साधने आणि शिक्षण हे घटक. म्हणजे देणारा तयार आणि घेणारा तयार नाही, असा हा निकाल आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, इंटरनेट कधीतरी वापरल्याचे 57 टक्के पुरुषांनी सांगितले, तर स्त्रियांत हे प्रमाण 33 टक्के होते. स्वतः वापरता येईल असा मोबाइल जवळपास निम्म्या स्त्रियांकडे नव्हता. त्यानंतर मोबाइल पुष्कळ पसरला आहे हे खरे. परंतु घरात मोबाइल असणे आणि तो घरातल्या बाईच्या हातात असणे यांतले अंतर खेड्यापाड्यांतून हिंडणाऱ्या कार्यकर्त्यांना मी सांगायला नको.

अशा समाजात हक्काची वाट ऑनलाइन करताना दुसरी वाट उघडी ठेवणे हे किमान शहाणपण होते. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले. ज्यांच्याजवळ स्वतःची ओळख पटविणारा एकही कागद नाही त्यांना ओळख द्यावी, हा त्यामागचा सांगितलेला हेतू होता आणि तो चांगला होता. सात वर्षांनी, 2017 च्या सप्टेंबरात, झारखंडमधील सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. शिधापत्रिका आधारशी जोडलेली नव्हती म्हणून ती रद्द झाली आणि घरात धान्य नव्हते, असे तिच्या आईने सांगितले. मुलगी मलेरियाने गेली, असे सरकारने सांगितले. वाद मिटला नाही. परंतु पुढच्याच महिन्यात, 24 ऑक्टोबरला, केंद्रीय अन्न खात्याला राज्यांना लेखी कळवावे लागले की आधारच्या अभावी कोणाचे धान्य अडवू नये. 26 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने आधार कायदा वैध ठरविला आणि अनुदानासाठी त्याची अट कायम ठेवली. ओळख देण्यासाठी निघालेले साधन ओळख नाकारण्याचे साधन कसे बनते, याचा हा आठ वर्षांचा प्रवास आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर 2017 च्या शेतकरी कर्जमाफीइतका चांगला पाठ दुसरा नाही. जूनच्या सुरुवातीला शेतकऱ्यांनी संप केला. 24 जूनला दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीची घोषणा झाली. 89 लाख शेतकरी आणि 34 हजार कोटी रुपये हे आकडे तेव्हा सर्वांच्या तोंडी होते. घोषणेनंतर मात्र प्रत्येक शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज करावा असे ठरले. नवरा-बायको दोघांनीही केंद्रावर जावे, आधार क्रमांक द्यावा, अंगठा उमटवावा. पेरणी-कोळपणीच्या दिवसांत जोडपी रोज बुडवून रांगा लावत होती. सर्व्हर बंद पडत होता, अंगठे उमटत नव्हते. मुदत वाढवावी लागली. गावात चावडी-वाचन झाले ते निराळेच. दुसरीकडून बँकांना 66 रकान्यांचे तक्ते भरून द्यायला सांगण्यात आले, आणि मग शेतकऱ्याने भरलेली माहिती व बँकेने भरलेली माहिती यांचा मेळ बसेना. 18 ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, समारंभपूर्वक प्रमाणपत्रे वाटली गेली. त्यानंतर याद्यांतल्या चुका बाहेर पडू लागल्या. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी दाखविल्याचे प्रकारही उघडकीस आले.

आता विचार करा. कर्ज बँकेने दिले होते. कोणाला दिले, किती दिले, थकले केव्हा, ही सगळी माहिती बँकेच्या खातेवहीत होती. शेतकऱ्याला विचारण्यासारखे नवीन असे फारच थोडे होते. तरी अर्ज शेतकऱ्याने करायचा. का? अधिकृत उत्तर असे की, 2008 च्या केंद्रीय कर्जमाफीत बँकांनी याद्या केल्या आणि गोंधळ केला. हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2013 च्या अहवालात पात्र शेतकरी वगळल्याची आणि अपात्रांना लाभ दिल्याची प्रकरणे दाखविली होती. पण बँकेने लबाडी केली तर बँकेची तपासणी करावी. त्यासाठी लाखो जोडप्यांना रांगेत उभे करण्याचे कारण नव्हते. आणि हे शक्य होते याचा पुरावा याच राज्याने दिला. डिसेंबर 2019 मध्ये नव्या सरकारने महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने दोन लाखांपर्यंतची कर्जमुक्ती जाहीर केली, तेव्हा अर्ज मागविलाच नाही. बँकांकडून माहिती घेतली, फेब्रुवारी 2020 पासून याद्या लावल्या, आणि शेतकऱ्याने फक्त आधार पडताळून रक्कम बरोबर आहे की नाही ते सांगायचे असे ठेवले. त्या योजनेतही उणिवा होत्या, दोन लाखांवरील कर्जदार ताटकळलेच. परंतु अडीच वर्षांच्या अंतराने, तोच शेतकरी, त्याच बँका आणि तीच यंत्रे असताना, श्रमाचा भार एकदा नागरिकावर पडला आणि एकदा प्रशासनावर. यंत्र कसे वापरायचे हा राजकीय निर्णय असतो, तांत्रिक नव्हे, हे याहून स्पष्टपणे मला दाखविता येणार नाही.

आमचे काही उत्साही प्राध्यापक मित्र ऑनलाइन सेवेने झालेल्या बचतीचे आकडे देतात. कारकुनाचा वेळ वाचला, कागद वाचला, एका दाखल्यामागचा खर्च इतका उतरला. अर्थशास्त्रात ज्याला व्यवहाराचा खर्च म्हणतात तो नाहीसा होत नसतो. तो कोणीतरी उचलतोच. कारकुनाने करायचे काम नागरिक करू लागला तर सरकारच्या अंदाजपत्रकात बचत दिसते. नागरिकाचा बुडालेला रोज, तालुक्याचे एसटीचे भाडे, आणि केंद्रावर मोजलेले ठरलेले व न ठरलेले शुल्क यांची नोंद कोणत्याच अंदाजपत्रकात होत नाही. दलालाचे उच्चाटन होणार असे आपल्याला सांगण्यात आले होते. पूर्वीचा दलाल तहसील कचेरीच्या दारात उभा असे. आता त्याने संगणक घेतला आहे आणि दारावर पाटी लावली आहे. ही तक्रार त्या केंद्रचालकांविरुद्ध नाही. त्यांतले बहुतेक आपल्याच गावची, नोकरी न मिळालेली पदवीधर मुले आहेत, आणि दर अर्जामागे मिळणाऱ्या तुटपुंज्या रकमेवर सरकारचे काम करीत आहेत. त्यांना सरकारी नोकर म्हणून नेमले असते तर काम तेच झाले असते. पण मग तो खर्च अंदाजपत्रकात दिसला असता.

भार जसा नागरिकावर येतो तसा खालच्या कर्मचाऱ्यावरही येतो. 2021 मध्ये महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल सरकारला परत केले, कारण ते चालत नव्हते आणि ‘पोषण ट्रॅकर’मध्ये माहिती इंग्रजीतून भरावी लागत होती. त्या आंदोलनाला शहरी वाचकांनी यंत्रविरोध म्हणून हसण्यावारी नेले. वस्तुतः ‘आमच्या भाषेत आणि चालणारे यंत्र द्या’ अशी ती मागणी होती.

यंत्रविरोधाचा विषय निघालाच आहे तर एक कबुली देऊन टाकतो. ऐंशीच्या दशकात बँक आणि विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणकाला जो विरोध केला त्यात आम्ही तरुण प्राध्यापक हिरिरीने सहभागी होतो. नोकऱ्या जातील ही भीती निराधार नव्हती. परंतु संगणक म्हणजेच भांडवलदाराचे हत्यार हे आमचे समीकरण उथळ होते. 1971 ते 1973 या काळात चिलीत आयेंदे यांच्या समाजवादी सरकारने एक संगणक आणि कारखान्याकारखान्यांत बसविलेली टेलेक्स यंत्रे यांच्या बळावर राष्ट्रीयीकृत उद्योगांचा मेळ घालण्याचा प्रयोग केला होता, हे आम्हाला तेव्हा ठाऊकसुद्धा नव्हते. तसेच कागदी कारभाराचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या घरी खेटे घालणारे आणि जाताना रिकाम्या हाताने न जाणारे शेतकरी मी पाहिले आहेत. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, हा त्या शेतकऱ्याचा खरा लाभ आहे. फेरफारातल्या जुन्या चुका संगणकात गेल्या आणि पक्क्या झाल्या, त्या दुरुस्त करण्यासाठी मात्र अजूनही त्याच कचेरीची पायरी चढावी लागते.

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी मी एका बँकेच्या शाखेत गेलो होतो. माझ्यापुढे एक वृद्ध बाई होत्या. बहुधा पतीच्या पश्चात कुटुंबनिवृत्तिवेतन घेणाऱ्या. त्यांच्या बोटांचे ठसे यंत्र घेईना. दहाही बोटे झाली. आयुष्यभर भांडी घासून आणि शेतात राबून रेषा झिजलेल्या. मुलगा म्हणाला, ‘उद्या या, मशीन बदलून मिळेल.’ त्या निमूटपणे निघाल्या. माझाही अंगठा उमटला नाही. मी कागदी नमुना मागितला, नियम सांगितला, थोडा आवाज चढविला आणि सही करून दहा मिनिटांत बाहेर पडलो. दारापर्यंत येऊन पाहिले तर त्या बाई रिक्षा करून गेल्या होत्या. कागदी नमुन्याचा हक्क त्यांनाही होता; तो आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि मीही वेळेवर सांगितले नाही.

अर्जाचा नमुना तयार करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणता नागरिक असतो, हेही पाहिले पाहिजे. सप्टेंबर 2025 मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेतील स्त्रियांना ऑनलाइन पडताळणी सक्तीची करण्यात आली. तिच्या मूळ रचनेत स्त्रीने स्वतःबरोबर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक द्यायचा होता. पती वारलेला, वडीलही वारलेले, किंवा नवऱ्याने टाकलेली, अशी बाई त्या रकान्यात बसतच नव्हती. पुढे मुदत वाढली, अशा स्त्रियांनी कागदपत्रे अंगणवाडी सेविकेकडे द्यावीत असे ठरले. म्हणजे यंत्र अडले तेथे अखेर माणूसच कामी आला, आणि तोही ती मोबाइल परत करणारी सेविका.

मागणी काय करावी, हा प्रश्न आता उरतो. संकेतस्थळे बंद करा, अशी मागणी करण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर अपील आहे, आयोग आहे, अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांचा दंड आहे. परंतु कायद्याचे घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर सुरू होते. संकेतस्थळाने अर्ज घेतलाच नाही, अंगठा उमटलाच नाही, तर कायद्याच्या दृष्टीने तो माणूस आलाच नव्हता. म्हणून प्रत्येक केंद्रावर, यंत्र अडले की तेथल्या तेथे कागदी अर्ज घेऊन तारखेची पोच देण्याचे बंधन असले पाहिजे, आणि मुदत त्या तारखेपासून मोजली पाहिजे. नकार यंत्राने देऊ नये. कारण लिहून, खाली नाव घालून, अधिकाऱ्याने द्यावा. आणि जी माहिती सरकारजवळ आहे तिच्यासाठी पुन्हा अर्ज मागू नये. 30 एप्रिल 2025 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या 21 व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला आहे. डोळ्यांची उघडझाप करता न आल्यामुळे यंत्राने ‘जिवंत’ न मानलेल्या, ॲसिडहल्ल्यात होरपळलेल्या स्त्रियांच्या अर्जावर हा निर्णय झाला. त्याचा आधार आपल्या निवेदनांत घेता येईल.

दुसरी दिशा राजस्थानने दाखविली आहे. तेथील मजूर किसान शक्ती संघटनेच्या आणि अन्य संघटनांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर सप्टेंबर 2019 मध्ये ‘जन सूचना पोर्टल’ सुरू झाले. कोणत्या रेशन दुकानात किती धान्य आले, कोणाला दिल्याचे दाखविले, गावातल्या कोणाचे निवृत्तिवेतन अडले, हे कोणालाही, स्वतःची ओळख न देता, तेथे पाहता येते. एरवी नागरिक सरकारपुढे उघडा पडतो. येथे सरकारचे दप्तर नागरिकापुढे उघडे पडते.

राष्ट्रसंघाचा पुढचा अहवाल येईल आणि आपण दोन-चार पायऱ्या वर-खाली होऊ. मध्यंतरी आपल्या प्रत्येक तालुका शाखेने एक वही घालावी असे मला सुचवावेसे वाटते. महिन्यातून एक बाजाराचा दिवस सेतू केंद्रावर, रेशन दुकानावर आणि बँकेच्या दारात बसायचे. किती आले, किती परत गेले, कोणत्या कारणाने गेले आणि त्यांचा किती रोज बुडाला, एवढेच लिहायचे. नावे लिहू नयेत, गाव आणि कारण पुरे. तीन महिन्यांची अशी नोंद हाती घेऊन तहसीलदाराकडे गेलेल्या शिष्टमंडळाला ‘लेखी तक्रार आलेली नाही’ असे उत्तर देता येत नाही. परत जाणाऱ्या माणसाला कागदी नमुन्याची एक प्रत मात्र तेथेच द्यावी, उद्यावर टाकू नये.